टेंगूळ बाहेर, गुपित रक्तात

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या आणि काही स्वारांचं हेल्मेट डोक्याऐवजी आरशाला अडकवलेलं. असा कुणी घसरून पडला की जमलेल्यांचा निकाल तयार असतो: "टेंगूळ आलंय ना? मग मार बाहेरच राहिला!" साफ चूक. टेंगूळ कातडीखालचं; आत मेंदूचं काय झालं, त्याचा त्याला पत्ता नसतो. रक्ताला मात्र असतो.

मेंदूला इजा झाली की दोन प्रथिनं रक्तात उतरतात. यूसीएच-एल१ हे खुद्द चेतापेशींचं, जीएफएपी हे त्यांची उस्तवार करणाऱ्या आधारपेशींचं. पहिलं घाईचं, साधारण आठ तासांत कळस गाठतं. दुसरं निवांत, विसेक तास घेतं. म्हणून साक्ष दोघांचीही काढतात.

या जोडीच्या तपासणीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०१८ मध्ये पहिली परवानगी दिली. तेव्हा प्रयोगशाळा लागायची, निकालाला तीन-चार तास जायचे. २०२४ पासून तिथे हातात मावणारं यंत्र आहे: शिरेतलं थोडं रक्त, पंधरा मिनिटं, निकाल. एक अट मात्र आहे, मार लागून चोवीस तासांहून जास्त झालेले नसावेत.

गंमत म्हणजे या तपासणीचं 'नाही' तिच्या 'हो'पेक्षा जास्त कामाचं. २०१८ च्या परवानगीमागे सुमारे १,९५० जणांचा अभ्यास होता. रक्त 'नाही' म्हणालं, तर सीटी स्कॅनही स्वच्छ निघण्याची शक्यता ९९.६ टक्के! म्हणजे स्कॅन टळला, किरणोत्सर्गही टळला. 'हो' आलं तर मात्र स्कॅन करायचाच. तोही सर्वज्ञ नाही म्हणा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सीटी स्वच्छ असलेल्या ४५० जणांपैकी १२० जणांच्या एमआरआयमध्ये इजा सापडली.

उत्तर युरोपात आणखी एक प्रथिन चालतं, एस१००बी. १९६५ मध्ये सापडलेलं त्याचं एस१०० कुटुंब अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही विरघळतं, म्हणून नावात शंभर! एस१००बीची एक खोड: ते चरबीतही असतं आणि हाड मोडलं तरी वाढतं. दुचाकीवरून पडून नुसता पाय मोडला, तरी हे डोक्याच्या नावानं बोंब ठोकणार.

पूर्वी यातलं काहीच नव्हतं. १९६२ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर ब्रिजटाउनला वेगवान गोलंदाज ग्रिफिथच्या चेंडूनं भारताचा क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, तेव्हा सीटी जन्मायचा होता. माणसाचा पहिला स्कॅन १९७१ चा. कॉन्ट्रॅक्टरसाठी रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही!

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणं यांपैकी काही दिसलं तर कुठल्याच प्रथिनाची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

क्रिकेटचं मैदान अजून लक्षणांवर आणि प्रश्नोत्तरांवरच चालतं. ३१ जानेवारी २०२५, पुणे, भारत-इंग्लंड टी-२० सामना: भारताच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. आंतरराष्ट्रीय टी-२० पदार्पणातच तीन बळी! इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला, पण दुबेच्या मेंदूवरून नव्हे. अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज आलाच कसा, यावरून.