अस्सल आणि नक्कल

आश्विनातल्या नवरात्रात नगरच्या लगतच्या केडगावी रेणुकामातेच्या दर्शनाला जी गर्दी लोटते, तिच्यात हात जोडणाऱ्यांच्या बरोबरीने हात उंचावून मोबाइल धरणारेही आता दिसू लागले आहेत. त्यांपैकी एखाद्या हौशी तरुणाने देवीचा गोंधळ रात्रभर बसून ध्वनिमुद्रित केला आणि सकाळी संगणकाशी बसून ऐकू लागताच संबळाच्या घावांवर आवाज फाटलेला, तुणतुण्याच्या मागे विजेची घरघर आणि गोंधळ्याच्या ऐन निरूपणात पुणे रस्त्यावरच्या मालमोटारींचा गडगडाट असे चित्र त्याच्या कानी आले, असे मानू या. तो पहिला प्रश्न विचारील तो हा, की हे सारे नीट करण्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे. प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी संगणक ध्वनी ऐकतो म्हणजे काय करतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

संगणक ऐकत नाही, मोजतो. माइकमधून आलेल्या विद्युत्तरंगाची उंची तो दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून तिचा आकडा टिपून ठेवतो. तरुण मानवी कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची. आणि कोणताही तरंग पुन्हा जसाच्या तसा उभा करावयाचा, तर त्याच्या सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी व्हावी लागते, या सिद्धान्तावर, ज्याची काटेकोर मांडणी क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली केली, हा सारा हिशेब उभा आहे. प्रत्येक आकडा किती बिटांत लिहावयाचा, यावर सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ठरते: दर बिटामागे सुमारे ६ डेसिबेल, म्हणजे १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४. परंतु या मोजपट्टीला वरचे टोक आहे. संबळाचा घाव त्या टोकाच्या वर गेला, तर वरचा भाग नोंदलाच जात नाही. आणि जे दफ्तरी नोंदलेच नाही, ते कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. त्या जागी शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भर घालता येते, एवढेच. म्हणून मुद्रणाची पातळी बेताची ठेवणे, हे संपादनाचे पहिले कलम होय.

दुसरे कलम आपल्या इतिहाससंशोधकांकडून घ्यावे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून काढली, तेव्हा अस्सल कागदाला जे मोल त्यांनी दिले, तेच ध्वनिसंपादकाने आपल्या मूळ मुद्रणाला दिले पाहिजे. अस्सलावर खाडाखोड करावयाची नाही. जी मखलाशी करावयाची ती नकलेवर. रीपर आणि आर्डर ही सॉफ्टवेअरे हा शिरस्ता मुळापासून पाळतात: येथे कापा, हा आवाज उतरवा, हे दोन तुकडे जोडा, एवढ्या सूचनांची ती एक फर्द तयार करतात, आणि ऐकवताना त्या फर्दीबरहुकूम मूळ आकड्यांतून नवा ध्वनी घडवतात, मूळ फाइलला हात लागत नाही. आर्डर हे मुक्तस्रोत आहे. रीपर ६० दिवस पारखून मग विकत घ्यावयाचे असते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी आरंभिलेले आणि २००० साली लोकांपुढे आलेले ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पूर्वी आपल्यापाशी घेतलेल्या प्रतीवर प्रत्येक संस्कार कायमचा उमटवीत असे. २०२२ पासून त्यातही संस्कार हवे तेव्हा लावण्याची व काढण्याची सोय झाली आहे. एकच स्टीरिओ मुद्रण, थोडी काटछाट आणि थोडी सफाई, एवढीच गरज असेल, तर ऑडॅसिटी पुरेसे आहे. गायक, संबळ, तुणतुणे आणि झांज यांचे माइक वेगळे आणि ट्रॅकही वेगळे असतील, तर रीपर वा आर्डर बरे.

निवड करताना एक अडचण रात्रभराच्या कार्यक्रमांनाच विशेष जाणवते. वेव्ह नावाच्या प्रचलित फाइलीत तिची स्वतःची लांबी ३२ बिटांत लिहिलेली असते, त्यामुळे ती ४ गिगाबाइटांपलीकडे वाढू शकत नाही. आणि २४ बिट, ४८,००० च्या स्टीरिओ मुद्रणाने ही हद्द सुमारे ४ तास ८ मिनिटांत गाठली जाते. गोंधळ तर पहाटेपर्यंत चालतो! युरोपीय प्रसारण संघाने यासाठीच आरएफ६४ हा प्रकार सिद्ध केला. आपले सॉफ्टवेअर तो वाचते की नाही, हे आधी पाहावे.

केडगावहून फार दूर नसलेल्या अरणगावानजीक, मेहेराबाद येथे, मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन आरंभिले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. त्या मौनाचा अर्थ सांगण्याचा हा प्रांत नव्हे. परंतु मौन मुद्रित करण्याची सवय ध्वनिमुद्रकाने जरूर लावून घ्यावी. कार्यक्रमापूर्वी सारे गप्प असताना टिपलेली दहा सेकंदे पुढे मोलाची ठरतात, कारण सफाईचे तंत्र त्या केवळ गोंगाटावरूनच प्रत्येक कंपनपट्ट्यात कोलाहल किती, हे शिकते आणि त्या पातळीखालचा आवाज दाबते. विजेची घरघर आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत सापडते, म्हणून तेवढे अरुंद पट्टे सहज वगळता येतात. मालमोटारीचे तसे नाही; तिचा आवाज क्षणोक्षणी बदलतो. शिवाय झांजेचा झणत्कार स्वभावतःच गोंगाटासारखा विस्कटलेला असल्याने सफाईचा अतिरेक झाला की आधी झांज बोथट होते आणि मागाहून गाणारा पाण्याखालून गातो आहे असे वाटू लागते.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साह्याने त्यांपैकी काहींचे १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. त्या मुद्रणांत जात्याची घरघरही ऐकू येते, आणि ती कोणी गोंगाट म्हणून पुसली असती, तर ओवीचा ठेकाच हरपला असता. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतेही निवडा. मात्र ते उघडण्यापूर्वी अस्सल मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि सोबत गाव, तिथी व गाणाऱ्यांची नावे लिहून ठेवा.