सावलींतील परसास शेवाळाचें पांघरूण

कोंकणांतील घराच्या मागील दारीं, फणस, आंबा व पोफळी यांच्या दाट सावलींत जी गुंठा-दोन गुंठे जागा उघडी पडलेली असते, तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तेथें भाजी होत नाहीं, गवत टिकत नाहीं, आणि फुलझाडें लावलींच तर तीं उजेडाच्या शोधांत वांकडीं होऊन मरतात. आमची उमेदवारीपासूनची सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. त्या दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर ही जागा पोटखराबाची. दुसऱ्यांचे पोटखराब नोंदण्यांत उभा जन्म गेल्यामुळें स्वतःच्या पोटखराबाकडे पाहावयास आम्हांस निवृत्तीनंतरच सवड झाली; तीही एका अपघाताच्या निमित्तानें.

आमच्या मातोश्री पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. एका श्रावणांत विहिरीकडे जातांना त्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरल्या व त्यांचें मनगट मोडलें. संतापाच्या भरांत आम्हीं दुसऱ्याच दिवशीं फावडें घेऊन वाटेवरचेंच नव्हे, तर साऱ्या परसांतील शेवाळ खरडून काढलें. आणि पुन्हां उगवूं नये म्हणून पोफळींच्या फवारणींतून उरलेलें बोर्डो मिश्रण झाडांखालीं ओतलें. मोरचुदांतील तांबें शेवाळास घातक असतें, त्यामुळें काम चोख झालें. त्याचें फळ पुढील पावसाळ्यांत मिळालें. आमच्याकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस. झाडांच्या पानांवर सांचून गळणारे मोठाले थेंब उघड्या मातीवर आपटूं लागले, तांबडें पाणी ओहोळानें वाहूं लागलें, आणि आश्विनांत पाहतों तों फणसाच्या मुळ्या बोटभर उघड्या पडलेल्या. मातोश्री ओसरीवरून म्हणाल्या, “अरे, पाय माझा चुकला, त्या परसानें तुझें काय केलें होतें?” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

शेवाळ हा शब्द आपण फार सैल वापरतों. तळ्यांत तंतूंसारखें वाढणारें तें शैवाल. ओल्या चिऱ्यावर बुळबुळीत थर धरतो तोही बहुधा त्याच्याच जातीचा. आम्हांस येथें जें सांगावयाचें आहे तें गडग्यावर व झाडाच्या बुंध्यावर मखमालीसारखें दाटणारें शेवाळ, ज्यास वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत हरिता म्हणतात. भिंगाखालीं पाहिल्यास त्यास इवलीशी दांडी व पानें दिसतात. खरीं मुळें मात्र नसतात. केसांसारखे तंतु असतात, ते केवळ धरून राहण्यापुरते. पाणी तें मुख्यतः पानांच्या अंगानेंच शोषून घेतें. फूल नाहीं, बी नाहीं. बारीक देंठावर बोंड येऊन त्यांतून पिठाहून सूक्ष्म बीजुकें उडतात. यावरून हें ध्यानांत येईल कीं, बुंध्यावरील शेवाळ झाडाचा रस खात नाहीं. बांडगुळाशीं त्याची तुलना करणें हा त्याच्यावर अन्याय आहे.

डाळिंबाची गुटी बांधतांना सोललेल्या सालीभोंवतीं जें ओलें शेवाळ गुंडाळतात, तें स्फॅग्नम नांवाचें. आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी तें धरून ठेवतें. आपल्या गडग्यावरील जातींस तेवढी शक्ति नाहीं, पण गुण तोच. वाळणें व पुन्हां जगणें ही दुसरी खुबी. चैत्रांत तें तपकिरी होऊन पानें मिटून घेतें व मेल्यासारखें दिसतें. वळवाची एक सर येतांच घटकाभरांत हिरवें होतें. म्हणून उन्हाळ्यांत तें मेलें समजून खरडूं नये.

जपानांत क्योतो येथील साइहोजी मंदिराची बाग याच शेवाळासाठीं जगभर विख्यात असून तेथें सुमारें १२० जाती आहेत असें सांगतात. ती बाग १३३९ सालीं मुसो सोसेकी या भिक्षूनें नव्यानें रचली. परंतु शेवाळ त्यानें लाविलें नव्हतें. पुढें बागेची आबाळ झाली तेव्हां ओल व सावली पाहून तें आपोआप पसरलें. आमच्या मतें यांतच सर्व विद्या आली.

आम्हीं केलें तें असें. मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर पालापाचोळा व तण काढलें. जमीन खणली नाहीं. उलट चोपणीनें चोपून घट्ट केली, कारण भुसभुशीत मातींत शेवाळ बसत नाहीं. आमच्याच गडग्यावरून व जुन्या न्हाणीच्या भिंतीवरून तळहाताएवढे पातळ पापुद्रे सुरीनें सोडवून, प्रत्येक ठिकाणीं निम्मे मागें ठेवून, ओल्या जमिनीवर वीतभर अंतरानें मांडले व फळीनें दाबले. उतारावर माडाच्या हिराचे तुकडे टोंचून ते अडकविले. पागोळीच्या रेषेंत लावलेले सर्व वाहून गेले. शेण किंवा खत घालूं नये; त्यानें तण माजतें. शेवाळ वाटून ताकांत कालवून शिंपावें असें एकानें सांगितलें, तोही प्रयोग केला. दोन दिवस गल्लींतील कुत्रीं तेवढीं आनंदानें चाटून गेलीं, मग बुरा आला, आणि उगवलें कांहींच नाहीं.

खरा शत्रु कोंबडी. किड्यांच्या शोधांत ती एका सकाळीं महिन्याचें काम उकरून टाकते. शेजाऱ्यांशीं बोलाचाली होईपर्यंत आम्हांस हें ठाऊक नव्हतें. शेवटीं कांट्याची वई घातली. फणसाचीं पानें मऊ केरसुणीनें आठवड्यांतून दोनदां लोटावीं लागतात, नाहींतर त्यांखालीं शेवाळ कुजतें. आतां तिसरा पावसाळा आहे. फणसाखालील बहुतेक जागा भरली, आणि तेथील पाणी निवळ उतरतें. बोर्डो ओतलेल्या पट्ट्यांत अद्याप कांहीं धरलेलें नाहीं, व पोफळींखालीं दरसालच्या फवारणीचे थेंब पडतात म्हणून तो नाद आम्हीं सोडला. तीव्र उतारावर शेवाळानें भागत नाहीं. तेथें दगडाची ताल घालावी.

कायद्याची एक गोष्ट सांगणें आमच्या जुन्या पेशास धरून होईल. रानांत शेवाळ भरपूर दिसतें म्हणून कोणी गोणी घेऊन जाऊं नये. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत वनोपजाच्या व्याख्येंत गवत व वेली यांच्या जोडीला शेवाळाचेंही नांव स्पष्ट घातलेलें आहे. शिवाय रानांतील गार हवेची जात परसांत जगेलच असें नाहीं. जें आपल्या गडग्यावर आपोआप आलें आहे तेंच आपल्या जमिनीस मानवतें.

विहिरीच्या वाटेवरील चिरे मात्र आम्हीं पुन्हां टांकी लावून खडबडीत करून घेतले आहेत, व पावसाळाभर दर शनिवारीं ते काथ्यानें घासतों. मातोश्री काठी घेऊन त्यांवरून जातात आणि वाटेंत थांबून, कोंबडी आंत शिरली आहे काय, तें पाहतात.