घरचा संगणक मंदावला तर घाबरू नका, घाईही करू नका

कामगाराच्या घरात संगणक सहजासहजी येत नाही. भिशीचा नंबर लागतो, दिवाळीचा बोनस बाजूला ठेवला जातो, कधी पतपेढीचे कर्ज काढले जाते, तेव्हा तो घरात येतो. पुष्कळदा तो सेकंडहँडच असतो. कुठल्या तरी कचेरीने काढून टाकलेला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा तालुक्याच्या दुकानातून आणलेला. त्याच संगणकावर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, मुलगा स्पर्धा-परीक्षेचे जुने पेपर सोडवतो आणि लग्नकार्याचे फोटोही त्यातच साठत जातात.

असा हा संगणक एक दिवस रेंगाळू लागतो. बटण दाबून चहा करून आणला तरी पडदा तयार होत नाही. अक्षर टाइप केले की ते उमटायला वेळ लागतो. मग घरात दोन मते पडतात. एकजण म्हणतो, "आता नवाच घ्या." दुसरा म्हणतो, "दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणा." आमचे म्हणणे असे, की या दोन्ही गोष्टी शेवटच्या आहेत. ताप आला म्हणून कोणी लगेच ऑपरेशन करून घेत नाही. आधी ताप कशाचा, ते पाहतो. संगणकाचेही तसेच आहे.

आधी ठेवा जपा

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने मंदावलेला संगणक जवळच्या दुकानात दिला. दुकानदाराने काही न विचारता तो फॉरमॅट केला आणि संध्याकाळी परत दिला. संगणक वेगाने चालू लागला. पण त्यात वारलेल्या वडिलांचे फोटो होते, मुलीच्या जात पडताळणी प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत होती. ते सारे गेले. प्रमाणपत्राची मूळ प्रत ट्रंकेत होती, म्हणून प्रवेश वाचला. वडिलांच्या फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, प्रत काढण्याचे. कागदपत्रे, फोटो, मुलांच्या वह्या-प्रकल्पांच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरवून झाल्यावर त्यातल्या पाच-सात फायली पेनड्राइव्हवरूनच उघडून पाहा. नुसते नाव दिसले म्हणजे फाइल शाबूत आहे असे नाही. मग तो पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. दाखल्यांच्या प्रती सरकारच्या डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. ही सोय २०१५ पासून आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुनी पत्रे, मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. संगणक फॉरमॅट झाला की ते फाँटही जातात. मग फाइल शाबूत असूनही पडद्यावर अगम्य अक्षरे दिसतात. म्हणून फायलींबरोबर फाँटचीही प्रत घ्या.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर बाकी सर्व राहू द्या. ती डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी उतरवा आणि संगणक बंद करा.

बंद करणे आणि रीस्टार्ट करणे एक नव्हे

विंडोज ८ पासून संगणकात लवकर सुरू होण्याची एक युक्ती आहे. आपण 'शट डाउन' केले तरी यंत्रणेचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उघडते. त्यामुळे कुठे काही अडकले असेल तर तेही तसेच परत येऊ शकते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. म्हणून पहिला उपाय रीस्टार्टचा. त्याला पैसा लागत नाही आणि धोकाही नाही.

रीस्टार्ट केल्यावर विंडोजचे अपडेट चालू असेल तर ते पुरे होऊ द्या. अपडेट चालू असताना संगणक काही वेळ जडच चालतो. मध्येच प्लग काढला तर साधे दुखणे मोठे होते.

दुखणे कुठे आहे?

आता नाडी पाहू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडेल. तीत सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतात. संगणक सुरू करून दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर हे आकडे पाहा, कारण सुरुवातीला ते वर असतातच.

डिस्कचा आकडा सतत १०० च्या जवळ राहत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क कामाला पुरी पडत नाही. मेमरी ९० च्या आसपास राहत असेल, तर रॅम कमी पडते किंवा एकाच वेळी फार कामे उघडली आहेत. सीपीयू सतत वर असेल, तर कोणता प्रोग्राम त्याला राबवत आहे ते त्याच यादीत दिसते. पुष्कळदा तो ब्राउझर असतो. त्यात वीस-पंचवीस पाने उघडी असतील, तर प्रत्येक पान मेमरीतला आपला वाटा घेते. नको ती पाने बंद करा. न मागता आलेली एक्स्टेन्शन्सही काढून टाका.

याच चौकटीत स्टार्टअपचा विभाग आहे. संगणक सुरू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची ती यादी. एकाच नळावर दहा बायकांनी एकदम हंडे लावल्यावर जी गत होते, तीच इथे होते. नको असलेल्या नावावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिसेबल' करा. डिसेबल केल्याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता उठत नाही. आज चूक झाली तर उद्या 'एनेबल' करता येते. मात्र सुरक्षेचा प्रोग्राम, आवाजाचा, लॅपटॉपच्या टचपॅडचा आणि मराठी कळफलकाचा प्रोग्राम बंद करू नका. जे नाव ओळखीचे नाही, ते आधी विचारून घ्या.

जागा मोकळी करा, पण डोळे उघडे ठेवून

सी ड्राइव्ह गच्च भरला तर संगणकाला हात हलवायला जागा राहत नाही. साधारण पंधरा-वीस टक्के जागा रिकामी असावी. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' विभागात तात्पुरत्या फायली पुसण्याची सोय विंडोजनेच दिलेली आहे. तीच वापरा. पुसण्यापूर्वी यादीवरच्या खुणा एकेक करून वाचा. त्या यादीत 'डाउनलोड्स'चे नावही असते आणि पुष्कळ घरांत हॉलतिकिटे आणि पावत्या तिथेच पडून असतात. तिथली खूण काढून टाका. 'विंडोज' नावाच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने काही पुसू नका.

'एका क्लिकमध्ये संगणक दहापट वेगवान' अशा जाहिरातींना भुलू नका. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची खातेवही. तिची चार पाने फाडल्याने वेग वाढत नाही, पण हिशेब मात्र चुकू शकतो.

तसेच दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर अंगचाच आहे. त्यातून पूर्ण तपासणी करा. शंका राहिली तर त्यातली 'ऑफलाइन स्कॅन' ही तपासणी निवडा. ती संगणक नव्याने सुरू करून, विंडोज पुरते उठण्याआधी तपासते. चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर आणि त्याचे कुलूप फोडणारे 'क्रॅक' ही व्हायरसची नेहमीची वाट आहे, हेही मुलांना सांगा.

फोनवरच्या वैद्यापासून सावध

कधी पडद्यावर अचानक लाल चौकट येते, भोंगा वाजतो आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असा मजकूर दिसतो. हा भामट्यांचा सापळा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन केल्यावर ते गोड बोलतात, दुरून संगणक चालवणारे एखादे अ‍ॅप उतरवायला लावतात आणि मग बँकेचे खाते उघडायला सांगतात. अशा वेळी ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

धूळ आणि उष्णता

आपली घरे लहान. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. फोडणीचा तेलकट धूर आणि गोधडीचे तंतू संगणकाच्या पंख्यात जाऊन बसतात. पंखा गुदमरला की सीपीयू तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तरी हवेच्या फटी बुजून हेच होते. त्याखाली पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवावा.

डेस्कटॉप उघडून साफ करायचा असेल तर आधी प्लग काढा, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा आणि तेव्हा पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ओले फडके नको. एक गोष्ट मात्र कधीही उघडू नका, ती म्हणजे पॉवर सप्लायची पेटी. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरचे अर्थिंग नीट नाही असे समजा. आधी वायरमन बोलवा, मग संगणक.

पैसा घालायचाच तर कुठे?

एवढे करूनही डिस्कचा आकडा १०० वरच राहत असेल, तर फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवा. फिरत्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते आणि सुई जागेवर पोचण्याची वाट पाहावी लागते. एसएसडीत फिरणारे काही नसते. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त फरक बहुधा याच बदलाने पडतो. मेमरी कमी असेल तर रॅम वाढवा. पण डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही आणि लॅपटॉपची रॅम वेगळी, आखूड असते. म्हणून जुनी रॅम दाखवूनच नवी घ्या. एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात आपला ठेवा आहे.

विंडोज १० असलेल्यांनी आणखी एक विचार करावा. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालतो, पण सुरक्षेची नेहमीची मोफत डागडुजी थांबली. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवरून, संगणकातले काही न पुसता चालवून पाहता येते. आपला प्रिंटर आणि मराठी टाइपिंग त्यावर चालते का, हे पाहूनच पुढचा निर्णय घ्या.

दुकानात जाताना

दुकानात द्यायचाच झाला तर चार गोष्टी कराव्यात. खर्चाचा अंदाज आधी विचारा. "न विचारता फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. दुकानदार चांगला असेल तर यातल्या एकाही गोष्टीचा त्याला राग येणार नाही.

यातले बरेचसे काम घरातली आठवी-नववीची मुलगी शिकू शकते आणि आईला शिकवू शकते. वस्तीतल्या अभ्यासिकेत एखाद्या रविवारी जाणत्या तरुणांनी चार संगणक मांडून हे दाखवले, तर दहा घरांचा खर्च वाचेल. महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी फायलींची प्रत काढा, पंख्याची जाळी पुसा, स्टार्टअपची यादी पाहा. कष्टाच्या पैशाने घेतलेली वस्तू अशी जपली, तर ती मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत साथ देऊ शकते.