कुंभारीण : शेतकऱ्याची अबोल सहायक

घराच्या भिंतीवर किंवा तुळईवर मातीचे लहानसे घरटे दिसले की ते खरवडून टाकण्याकडे आपला कल असतो. हे घर कुंभारीण माशीचे होय. ती गांधीलमाशीच्या कुळातील असली तरी तिच्यात राणी नाही, कामकरी नाहीत. मादी एकटीच ओला चिखल आणून घर बांधते.

कुंभारणींच्या एका प्रजातीस शास्त्रज्ञ ‘डेल्टा’ म्हणतात. हे नाव सोस्यूर या शास्त्रज्ञाने १८५५ साली दिले. आफ्रिका, दक्षिण युरोप व आशियाचे उष्ण प्रदेश येथे ही प्रजाती आढळते. भारतातही तिच्या अनेक जाती आहेत.

मादी प्रत्येक कप्प्यात बारीक धाग्याने एकच अंडे टांगते. मग पानांवरील अळ्या डंखाने बधिर करून आत साठवते व तोंड चिखलाने लिंपते. अळ्या मरत नाहीत, म्हणून कुजत नाहीत. पिलास ताजे अन्न मिळते.

एवढ्याने कीड पूर्णपणे आटोक्यात येणार नाही, हे खरे. तथापि रंगसफेदीच्या वेळी बंद घरटी फोडू नयेत. कीटकनाशकेही गरजेपुरतीच फवारावीत. घरट्यास भोक दिसल्यास पिलू बहुधा उडून गेले, असे समजावे.