यंत्रावर पंतप्रधानांचं नाव शोधू नका



आज मी मोठहून बोलतो आहे. झाशी–कानपूर महामार्गावर, झाशीपासून साधारण ५० किलोमीटरवर हे तहसीलचं गाव आहे. इथले लोक 'मोंठ' म्हणतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी गव्हाची काढणी उरकत आली होती आणि बाजारात जिथे दोन माणसं बसत तिथे एकच विषय निघत असे. त्या वर्षी १६ मार्चला निवडणूक आयोगाने तारखा जाहीर केल्या होत्या. १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे, आणि निकाल ४ जूनला. आमचं मतदान पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी होतं. मुंबई, ठाणे, नाशिकचंही त्याच दिवशी होतं.

तेव्हा चहाच्या टपरीवर शेजारच्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, "यंदा आपल्याकडे कोण कोण उभं राहतंय?" तो म्हणाला, "साहेब, उमेदवाराचं काय घेऊन बसलात? पंतप्रधान कोण हवा ते ठरलं की झालं." मी म्हटलं, "बरं, आपला आताचा खासदार कोण?" त्याने झाशीच्या खासदारांचं नाव सांगितलं. ते चूक होतं. मोठ हे गाव झाशी जिल्ह्यात आहे, पण आमचा विधानसभा मतदारसंघ गरौठा, आणि गरौठा जोडलेला आहे जालौन लोकसभा मतदारसंघाला. कलेक्टर झाशीला बसतो, खासदार मात्र जालौनचा.

या माणसाला हसू नका. तो प्रत्येक निवडणुकीत रांगेत उभा राहतो. पण आपण नक्की कोणाला निवडतो हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नाही. आजचा भाग त्यासाठीच आहे.

आपण निवडतो कोणाला?

आपण पंतप्रधान निवडत नाही. आपण आपल्या मतदारसंघाचा एक खासदार निवडतो. असे ५४३ खासदार मिळून लोकसभा होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान २७२ जणांचा पाठिंबा ज्या नेत्याला आहे, त्याला राष्ट्रपती सरकार बनवायला बोलावतात. संविधानाच्या ७५व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेलं.

डॉ. मनमोहन सिंग २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं पंतप्रधान होते. त्या सगळ्या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. २००४ आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकांत देशातल्या एकाही मतदान यंत्रावर त्यांचं नाव नव्हतं. तरी ते पंतप्रधान झाले, कारण लोकसभेत बहुमत त्यांच्या बाजूला होतं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षासाठी वेगळं मत द्यायचं असतं. आपल्याकडे एकाच बटणात दोन निर्णय दडलेले असतात. माझ्या भागासाठी संसदेत कोण बोलणार, आणि सरकार कोणाचं बनणार. माझा शेजारी दुसरा निर्णय घेतो आणि पहिला विसरतो. आपल्यातले बरेच जण तेच करतात.

राखीव म्हणजे काय?

जालौन हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. ५४३ पैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. इथे एक गैरसमज हटकून ऐकू येतो, की राखीव जागा म्हणजे 'त्यांची' निवडणूक. तसं नाही. उमेदवार त्या समाजाचा असावा लागतो, मतदार मात्र सगळे असतात. तो खासदार सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो आणि सगळ्यांना उत्तर द्यायला बांधील असतो.

राज्याच्या वाट्याला किती जागा, हे आजही १९७१ च्या जनगणनेवरून ठरलेलं आहे. उत्तर प्रदेशाला ८०, महाराष्ट्राला ४८, मध्य प्रदेशाला २९, कर्नाटकाला २८, गुजरातला २६, गोव्याला २. मराठी माणूस या सगळ्या राज्यांत आहे. त्यामुळे ही मालिका ऐकणाऱ्या दोन मराठी घरांसमोरचे पक्ष आणि चिन्हं पार वेगळी असू शकतात.

मतं आणि जागा

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत असं नाही. त्यामुळे देशभरातली मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी यांत मोठं अंतर पडतं.

२०१९ मध्ये भाजपला ३७ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. म्हणजे जागा निम्म्याहून जास्त. २०१४ मध्ये आमच्या उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाला जवळपास २० टक्के मतं पडली आणि जागा एकही आली नाही. दर पाच मतदारांतल्या एकाने ज्या पक्षाला मत दिलं, त्याचा राज्यातून एकही खासदार गेला नाही. कोणी फसवलं म्हणून नव्हे, तर मतं सगळीकडे विखुरली होती म्हणून.

यातूनच आघाड्या का होतात ते कळतं. विरोधातली मतं फुटली की समोरचा कमी मतांतही निवडून येतो. म्हणून २०२४ मध्ये एकीकडे राष्ट्रीय लोकशाही आघाडी होती, दुसरीकडे जुलै २०२३ मध्ये नाव घेतलेली 'इंडिया' आघाडी होती, आणि इथे बसप स्वतंत्र लढला.

आणखी एक. उमेदवाराला अनामत रक्कम भरावी लागते. ती २५ हजार रुपये असते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार. एक षष्ठांश मतंही मिळाली नाहीत तर ती जप्त होते. वर्तमानपत्रात 'डिपॉझिट गेलं' म्हणतात ते हे. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण २०१३ पासून आलं आहे. त्याने तुमची नाराजी नोंदली जाते, निकाल बदलत नाही. त्या बटणाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे असेल तोच निवडून येतो.

उमेदवार मोठा की पक्ष?

आता मुख्य प्रश्न. यासाठी झाशीच्याच दोन खासदारांची गोष्ट सांगतो.

१८५४ साली इंग्रजांनी झाशीचं संस्थान खालसा केलं, तेव्हा इथल्या रयतेला कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर ९८ वर्षांनी, १९५२ मध्ये, पहिल्यांदा विचारलं गेलं आणि झाशीने लोकसभेत पाठवलं रघुनाथ विनायक धुळेकरांना. मराठी घरातला हा माणूस, झाशीचा वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेचा सदस्य. तिथे मराठी मतं किती होती? मूठभर. लोकांनी आडनाव बघितलं नाही, माणूस आणि काँग्रेस पक्ष बघितला.

त्यांच्यानंतर १९५७ मध्ये आल्या डॉ. सुशीला नय्यर. गांधीजींच्या सोबत राहिलेल्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला जे वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते त्यांनीच उभं केलं. १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये त्या काँग्रेसकडून झाशीतून निवडून आल्या. आणि १९७७ मध्ये पुन्हा निवडून आल्या, त्या वेळी जनता पक्षाकडून. माणूस तोच, पक्ष समोरचा. त्यांनी तो बदल लोकांसमोर जाऊन केला, लोकांकडून मत मागितलं आणि लोकांनी दिलं.

निवडून आल्यावर पक्ष बदलणं ही गोष्ट वेगळी. त्याचा सुळसुळाट झाला म्हणून १९८५ मध्ये संविधानात दहावी अनुसूची घातली गेली. तिला आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. खासदाराने पक्ष सोडला किंवा पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. आधी एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालत असे. २००३ मध्ये ती सूट काढली. आता दोन तृतीयांश सदस्यांसह दुसऱ्या पक्षात विलीन होणं एवढीच वाट कायद्याने ठेवली आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमचा खासदार कितीही भला असो, ज्या विषयावर पक्षाने व्हिप काढला आहे तिथे तो पक्ष सांगेल तसंच मत देईल. म्हणून 'मी पक्ष बघत नाही, माणूस बघतो' हे अर्धंच खरं. आणि 'माणूस बघत नाही, पक्ष बघतो' हेही अर्धंच, कारण संसदेत प्रश्न विचारायचा की नाही, समितीत बसून अभ्यास करायचा की नाही, रेल्वेच्या फाटकासाठी किंवा कालव्याच्या पाण्यासाठी पाठपुरावा करायचा की नाही, यासाठी व्हिप नसतो. तिथे माणूसच लागतो.

महाराष्ट्रातल्या मतदाराला २०२४ मध्ये हे जास्त जाणवण्यासारखं होतं. २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. पक्ष आणि चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशानुसार ठरवतो. आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला आणि घड्याळ अजित पवार यांच्या बाजूला दिलं. त्या निवडणुकीत उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल होती आणि शरद पवार यांच्या पक्षाकडे तुतारी वाजवणारा माणूस. वाद न्यायालयातही गेले आहेत. कोण बरोबर ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चिन्हं नीट दाखवा. सवयीने बोट जाईल आणि मत भलतीकडे पडेल.

तुम्ही कोणाला देणार, साहेब?

हा प्रश्न दर भागाखाली येतो. मी उत्तर देणार नाही. सैनिकाच्या काही अधिकारांवर संसदेला मर्यादा घालता येतात, अशी तरतूद संविधानाच्या ३३व्या कलमात आहे. त्यामुळे सेवेत असताना आम्हाला पक्षाचं सभासद होता येत नाही. निवृत्तीनंतर ते बंधन उरत नाही, पण सवय राहिली आहे, आणि ती मला मोडायची नाही. आमच्या मेसमध्ये पंतप्रधान बदलले की फक्त भिंतीवरचा फोटो बदलायचा. सलाम तोच.

१९९९ चा एप्रिल मला आठवतो. १७ तारखेला वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. पुढच्याच महिन्यात कारगिल सुरू झालं. म्हणजे ते युद्ध देशाने काळजीवाहू सरकार असताना लढलं. आम्हा कोणालाही एक क्षण असं वाटलं नाही, की आदेश कोणाचा मानायचा? जुलैत लढाई संपली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, लोकांनी कौल दिला. शेजारच्या देशात त्याच ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली. आपल्याकडे तो विचारही कोणाच्या डोक्यात आला नाही. सत्ता कोणाकडे द्यायची हे तुमच्या बोटाने ठरतं, आमच्या बंदुकीने नाही. एवढ्यासाठी तरी मत द्यायला जा.

आधी यादी बघा

शेवटी एक गोष्ट, थोडी लाजेची. सेवेत असताना मत टपालाने द्यायचं असे. एका निवडणुकीत मी उंचावरच्या ठाण्यावर होतो. बर्फाने वाट बंद झाली होती आणि मतपत्रिका हातात पडली तेव्हा निकाल लागून गेला होता. मनात ठरवलं, की निवृत्त झाल्यावर रांगेत उभं राहून मत देईन. निवृत्तीनंतरची पहिली निवडणूक आली. इस्त्रीचा शर्ट घातला, ओळखपत्र खिशात घेतलं, तासभर रांगेत उभा राहिलो. यादीत माझं नाव नव्हतं. सैनिक मतदारांच्या यादीतून निघून साध्या यादीत नाव घालायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. घरी आलो तेव्हा बायकोच्या बोटाला शाई होती, माझ्या नव्हती. दुसऱ्यांना नकाशे वाचायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव यादीत बघितलं नव्हतं.

तेव्हा लक्षात ठेवा. ओळखपत्र असलं म्हणजे मत आहे असं नाही. यादीत नाव असलं तर मत आहे. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी ते दिलेलं बरं. २०२४ मध्ये पाचव्या टप्प्यासाठी ती शेवटची तारीख ३ मे होती. शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा किंवा तुमच्या भागातल्या बीएलओला गाठा.

नाव सापडलं, की दोन गोष्टी कागदावर लिहा. माझा लोकसभा मतदारसंघ कोणता, आणि गेली पाच वर्षं तिथला खासदार कोण. मग उमेदवारांची यादी बघा आणि पक्षांचे जाहीरनामे वाचा. मतदानाच्या दिवशी बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती बघूनच बाहेर या.

माझ्या शेजाऱ्याने तो कागद लिहिला आहे. वर त्याने मला विचारलं, "मग साहेब, जालौनचा खासदार मोठला कधी आला होता?" प्रश्न बरोबर आहे. आता तो मला नाही, मत मागायला येणाऱ्याला विचार, असं मी त्याला सांगितलं आहे.

पुढच्या भागात राज्यसभेबद्दल बोलू. तोवर यादी बघून ठेवा. जय हिंद.