काचेच्या शेगडीवर कोणती भांडी चालतात? घेण्याआधी भाकरीचा तवा तपासा!

सोलापुरी घरात नवी शेगडी आली की तिची पहिली परीक्षा ज्वारीच्या भाकरीची. काळीशार, गुळगुळीत काचेची इलेक्ट्रिक शेगडी दुकानात छान दिसते. घरी मात्र रोजचा खोलगट लोखंडी तवा तिच्यावर डुगडुगतो. तव्याचा मधलाच भाग काचेला टेकतो, त्यामुळे भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. दोष बहुतेक वेळा शेगडीचा नसतो, तव्याच्या तळाचा असतो.

आधी शेगडी ओळखा

वरून सारख्या दिसणाऱ्या या शेगड्या दोन प्रकारच्या असतात. इन्फ्रारेड किंवा हॉट प्लेट प्रकारात काचेखालची तार लालबुंद होते आणि उष्णता काचेतून भांड्याला मिळते. तिच्यावर स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, तांबे सगळे चालते. तळ तेवढा सपाट हवा. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे थेट भांड्याचा तळच तापतो. त्यामुळे साधा ॲल्युमिनियमचा कुकर किंवा तांब्या-पितळेचे पातेले तिथे तापतच नाही.

स्टील आहे म्हणजे चालणारच, हा समज महागात पडतो. ३०४ ग्रेडच्या स्टीलला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, ४३०च्या स्टीलला चिकटतो. म्हणून नवी पेठेत भांडी घ्यायला निघताना फ्रिजवरचा एक चुंबक खिशात टाका. तळाला घट्ट चिकटला तर इंडक्शनसाठी भांडे चालेल. मग तळावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. मोठी फट दिसली, तर ते भांडे दोन्ही शेगड्यांसाठी सोडून द्या.

मग भाकरीचे काय?

सपाट तळाचा, जाड बिडाचा तवा दोन्हीकडे चालतो. फक्त तो काचेवर ओढू नका, उचलून ठेवा. बिडाच्या खरखरीत तळाने चरे पडतात. सुरुवातीलाच पूर्ण आच देऊ नका. पातळ तवा तर अशाने वाकडाच होतो.

कडक भाकरीला मंद आच बराच वेळ लागते. बऱ्याच इंडक्शन शेगड्या कमी आचेवर चालू-बंद होत राहतात. बीड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे हा चढउतार भाकरीपर्यंत फारसा पोहोचत नाही. पातळ नॉनस्टिक तव्यावर ते जमणे कठीण.

राहिला प्रश्न भाकरी फुगवण्याचा. इथे ज्वाळ नाही. पाणी फिरवलेली बाजू भाजली की भाकरी उलटून, सुती फडक्याच्या घडीने कडेकडेने दाबत तव्यावरच फुगवावी लागते. हात बसायला थोडे दिवस जातात. तोवर गॅसचा एक बर्नर ठेवलेला बरा.

आणि संक्रांतीला गुळाचा पाक करताना पातेले मोठे घ्या. इन्फ्रारेडच्या तापल्या काचेवर उतू गेलेला पाक तसाच थंड झाला, तर पुसताना काचेचे टवके निघू शकतात.