चातुर्मासाचा नेम, गल्ल्याचा हिशेब

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरोघरी कांद्याची भजी आणि थालीपिठं होतात. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत दोनच दिवसांनी, आषाढी एकादशीपासून, कांदा-लसूण बंद होतो तो थेट कार्तिकीपर्यंत. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात जैन शेजाऱ्यांचाही चातुर्मास याच सुमाराला बसतो. पावसात पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून त्यांचे साधू-साध्वी या काळात एका गावी मुक्काम करतात.

या चार महिन्यांत माणसं एखादा नेम धरतात. नेम टिकतो त्याची कारणं साधी आहेत. तो लहान असतो, त्याची वेळ ठरलेली असते आणि तो कधी संपणार हे आधीच माहीत असतं. छोट्या दुकानदाराने हीच रीत गल्ल्याला लावावी. पाच संकल्प नकोत. एकच नेम पुरे: शटर ओढण्याआधी रोजमेळ.

सुरुवात कांदेनवमीला करा. सुट्या चिठ्ठ्यांवरची, डोक्यातली, मोबाइलमधली सगळी उधारी एका वहीत उतरवा. दुकान तळमजल्यावर असेल तर माल जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरातला दुकानदार ती तारीख विसरलेला नाही.

एकादशीच्या संध्याकाळपासून रोजमेळ सुरू. समजा, सकाळी गल्ल्यात 2,000 रुपये होते. रोख विक्री 6,400 झाली, जुन्या उधारीचे 500 आले. एकूण 8,900. त्यातून मालाचे 3,200, हमालीचे 150 आणि घरी नेलेले 600 गेले, म्हणजे 3,950. शिल्लक 4,950 हवी. मोजल्यावर 4,870 भरली, तर ‘फरक 80’ असं लिहा आणि वही मिटा. तो फरक खिशातून भरून काढू नका. भरलात तर चूक झाकली जाते, लिहिलात तर आठवड्याभरात तिची वाट दिसते: चहा, सुट्टे पैसे, न लिहिलेली उधारी. क्यूआर कोडवर आलेली रक्कम बँकेत जाते, म्हणून तिचा रकाना वेगळा ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘घरी नेले’ ही आहे. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा एकाच गल्ल्यात मिसळला की धंदा चालतो आहे की नुसता फिरतो आहे, हे कळत नाही. ती ओळ महिनाभर लिहिलीत की घरखर्चाला दरमहा किती लागतात ते समोर येतं. मग तेवढीच रक्कम ठरवून उचला.

पंचांगातच कामाची वाटणी आहे. गणपतीच्या आधी गर्दी असते, तेव्हा रोजमेळाशिवाय दुसरं काही अंगावर घेऊ नका. पितृपक्षात नवी खरेदी थंडावते. तो पंधरवडा माल मोजायला आणि उधारीची आठवण करायला वापरा. दसऱ्याला तराजूची पूजा करताना काट्यावरचा पडताळणीचा शिक्काही तपासा. त्याची मुदत उलटली असेल तर वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्या.

मध्ये एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी गल्ला मोजून तिथून पुढे चला. गेल्या दिवसाचे आकडे अंदाजाने भरू नका. खोट्या नोंदीपेक्षा कोरी ओळ बरी.

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते आणि पाडव्याला व्यापाऱ्यांचं नवं वर्ष सुरू होतं. चार महिने रोजमेळ ठेवलेल्या दुकानात त्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर खरी शिल्लक चढते. पुढे सुमारे दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. तेव्हा उद्यापन म्हणून ‘फरक’ या रकान्याची महिनावार बेरीज करा. आषाढाची आणि आश्विनाची बेरीज शेजारी ठेवून पाहा, आणि नेम पुढे चालवायचा की नाही ते त्या दोन आकड्यांवरून ठरवा. येत्या कांदेनवमीला भाजीच्या पिशवीबरोबर एक कोरी वहीही घेऊन या.